टांग्याची गादी
विम्याच्या हप्त्याचं पाकीट दारात पडलं की मला अजून तंबाखूचा तिखट वास येतो. स्वातंत्र्याच्या आदल्या साली मी निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत नवा कारकून होतो. बोरगावच्या रस्त्यावर आडवाटेनं भरधाव आलेला एक टांगा वखारीच्या लॉरीवर आदळला. घोडं जागीच मेलं, लॉरीचं तोंड चेपलं. चूक टांगेवाल्याची ठरली आणि मालकांनी छापील कागद देऊन मला भरपाईसाठी त्याच्या घरी धाडलं. “विमा आहे का?” कागदावरचा पहिलाच प्रश्न मी विचारला. हात गळ्यात बांधलेल्या त्या माणसानं आत बघून बायकोला हाक मारली, “अगं, आपल्यात इमा हाय काय बघ गं.” ती खरंच उठली. तिनं ट्रंक उघडली, लेकराचं अंगडं, घोड्याची घुंगरं बाजूला केली आणि तळापर्यंत हात घालून शोधलं. “न्हाय बगा, सायब,” ती ओशाळून म्हणाली, “असता तर दिलाच असता की.” मी रकान्यात ‘नाही’ लिहिलं. मग मोडका टांगाच भरपाईत धरला आणि आमच्या गड्यांनी तो बैलगाडीमागं बांधून ओढत नेला. आम्ही वेशीपाशी पोचतोय तोवर ती बाई धापा टाकत मागून आली. डोक्यावर टांग्याची गादी होती. “ही घरातच राहिलती,” म्हणाली. मी ती घेतली. आज माझ्या नावावर दोन विमे आहेत, एकही हप्ता मी चुकवलेला नाही. पण ती गादी तरी मी तिला परत द्यायला हवी होती.