लिओनाच्या यादीतला चुकलेला एक

ईरी शहराच्या पूर्व भागातल्या सहा गल्ल्या लिओना सोबेकच्या. मालकीच्या नव्हेत, मतांच्या. डेमोक्रॅटिक पक्षाची तिथली बूथप्रमुख म्हणून ती १९९० पासून दारोदार हिंडते आहे. तिच्या आधी हे काम एका खाटकाची विधवा बघायची. गुडघे गेले तेव्हा तिने कागद अडकवायची लाकडी पाटी लिओनाच्या हातात दिली आणि सांगितलं, "प्रश्न विचारलास की तोंड बंद ठेव. माणूस बोलेपर्यंत." लिओनाला राजकारणाचं मिळालेलं शिक्षण एवढंच.

बाकीचं शाळेच्या स्वयंपाकघरातून आलं. एकोणतीस वर्षं तिने तिथे मुलांची ताटं वाढली. कोण वाटाणे टाकतो, कोण दुसऱ्यांदा रांगेत येतो, हे तिला अजून पाठ आहे. त्या पोरांची आता पोटं सुटली आहेत, पण लिओना दारात आली की त्यातले काही अजून हात मागे घेऊन उभे राहतात.

कामाची रीत सोपी आहे. पक्षाकडून मतदारांची यादी येते आणि प्रत्येक नावापुढे एक ते पाचमधला आकडा भरायचा असतो. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा, आणि तीन म्हणजे कुंपणावर बसलेला. आता हे सगळं फोनवरच्या अ‍ॅपमध्ये भरतात. लिओना आधी कागदावर लिहिते आणि मग घरी बसून एका बोटाने फोनमध्ये उतरवते.

२०२४ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात मात्र या पाच आकड्यांत न बसणारी माणसं निघाली. टीव्हीवरच्या वादात राष्ट्राध्यक्ष अडखळले, त्याला आठवडाही झाला नव्हता. वर्षानुवर्षं 'एक' असलेली माणसं जाळीचं दार न उघडता आतूनच तिचं बोलणं ऐकून घेत. म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांचं नाव निघालं की नाही म्हणत नसत, हो म्हणत नसत, नुसता उसासा टाकत. उसाशाला आकडा नव्हता. लिओनाने समासात पेनाने एक छोटी लाट काढायला सुरुवात केली. फेरी संपली तेव्हा तिच्या कागदांवर सत्तावन्न लाटा होत्या. ज्या जिल्ह्याचा निकाल गेल्या दोन्ही खेपांना एखाद्या मोठ्या लग्नाला जमतील तेवढ्या माणसांनी ठरवला, तिथे सत्तावन्न म्हणजे खेळ नव्हे.

एकवीस तारखेला, रविवारी दुपारी, राष्ट्राध्यक्षांनी पत्र काढून माघार घेतली. लिओना परसात काकड्या तोडत होती. बातमी तिला फोनवरून कळली, आणि थोड्या वेळाने नवऱ्याकडून पुन्हा. कॅसिमिर, म्हणजे कॅझ, धक्क्यावर गळ टाकून बसला होता. तो नेहमीपेक्षा दोन तास आधी घरी आला आणि पर्च माशांची बादली मोरीत ठेवून म्हणाला, "काढलं त्याला."

"काढलं काय? तो आपणहून गेला. पत्र आहे त्याचं."

"पत्र सगळ्यांचंच असतं," कॅझ म्हणाला आणि सुरी शोधायला लागला.

तेवढ्यात लिओनाचा फोन पुन्हा वाजला. ते वाक्य तिच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

सोमवारी पक्षाच्या ऑफिसातल्या डेनाने सगळ्या बूथवाल्यांना कळवलं की आठवडाभर कोणाकडे जाऊ नका. पत्रकं रद्दीत जाणार आहेत, अ‍ॅपमध्ये अजून जुनंच नाव आहे, नव्या उमेदवाराचं, म्हणजे उपाध्यक्षबाईंचं, अधिकृत व्हायचंय.

"मी पत्रकं वाटायला जात नाहीये," लिओना म्हणाली. "बघायला जातेय."

"काय बघायला?"

"लाटांचं काय झालं ते."

डेनाला लाटांबद्दल काही माहीत नव्हतं. लिओनाही सांगत बसली नाही.

पहिली लाट रोशेल टिबेटची होती. रोशेल वृद्धाश्रमात नर्स आहे. पंधरा दिवसांपूर्वी ती जाळीआडून बोलली होती. या वेळी तिने दार उघडलं आणि स्वतः बाहेर पोर्चवर येऊन बसली.

"आधीच सांगते मिसेस सोबेक, मी खूश वगैरे काही झालेली नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"आठ वर्षांपूर्वी शॅम्पेनची बाटली आणून ठेवली होती मी. बाई निवडून येणार म्हणून. फ्रिजमध्ये आडवी. शेवटी बहिणीच्या घटस्फोटाला फोडली."

"बरी लागली का?"

"फार छान लागली. पण या वेळी काही आणणार नाही, सोडा वॉटरसुद्धा नाही." रोशेलने पाय वर घेतले. "मला एवढंच सांगा, ही उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार कोणाला घेणार? आपल्या राज्यपालांना घेईल का? आणि घेतलं तर इथलं कोण बघणार?"

लिओनाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण तिला उत्तरापेक्षा एक वेगळीच गोष्ट टिपावीशी वाटली. रोशेलने प्रश्न विचारले होते. मंगळवारी दुपारपर्यंत लिओना एकोणीस लाटांना भेटून आली आणि त्यांतल्या चौदांनी काही ना काही विचारलं. बाईला वेळ पुरेल का, पैसा कोणाचा, जुन्या फलकांवर कागद चिकटवला तर चालेल का. एका गृहस्थाने तर फलक मधोमध कापून वरचं नाव काढून टाकलं होतं आणि खालचं उपाध्यक्षबाईंचं तेवढं बागेत रोवलं होतं. फलक इतका बुटका झाला होता की तो टोमॅटोच्या रोपांचं नाव लिहिलेली पट्टी वाटत होता. कोणी नाचत नव्हतं. पण प्रश्न विचारणारा माणूस उसासा टाकत नाही. दोन्ही एकदम जमत नाही.

मंगळवारी दुपारी चर्चच्या तळघरात पिरोगी भरायच्या असतात. ऑगस्टच्या जत्रेसाठी हजारांनी लागतात. करंजीसारख्या दुमडायच्या, कडा चिमटायच्या, ताटात मांडायच्या. टेबलावर राजकारण बोलायचं नाही असा नियम आहे. जी बोलेल तिने कांदे सोलायचे.

"द्या इकडे ते कांदे," इर्मा म्हणाली. इर्मा लिओनाच्या शेजारची. तिचा नवरा गस आणि कॅझ एकाच धक्क्यावर शेजारी शेजारी खुर्च्या टाकतात. "आज मी बोलणारच. काय गं लिओना, हुरूप आला म्हणे लोकांना?"

"हुरूप नाही. चौकशी आलीय."

"आणि घरी?"

"घरी काय?"

"कॅझ काय म्हणतो?"

"कॅझ काय म्हणणार? तो एक आहे."

इर्माने कांद्याचं साल काढता काढता तिच्याकडे पाहिलं. "तू त्याला विचारलंस?"

"सेहेचाळीस वर्षं लग्नाला झाली, इर्मा."

"मी लग्नाचं नाही विचारलं. हे बघ, गस म्हणत होता... म्हणजे तुला माहीतच असेल. आठ वर्षांपूर्वी कॅझने मतपत्रिकेवरची राष्ट्राध्यक्षाची ओळ कोरीच सोडली होती ना. बाकी सगळं भरलं आणि ती तेवढी सोडली."

लिओनाच्या हातातल्या पिरोगीची कड चिमटायची राहिली. सारण बाहेर आलं.

"अगं, तुला माहीत नव्हतं?" इर्मा म्हणाली. "मग डोळ्यांतलं पाणी कांद्याने आलंय म्हण."

घरी येऊन लिओनाने जुने कागद काढले. सगळ्या निवडणुकांचे आहेत तिच्याकडे. प्रत्येक यादीत 'सोबेक, कॅसिमिर' आणि 'सोबेक, लिओना' ही दोन नावं, आणि पुढे एकाच पेनाने, एकाच झटक्यात लिहिलेले दोन एक. ते तिने स्वयंपाकघरात बसून भरले होते. सहा गल्ल्यांतल्या कुत्र्यांची नावं ठाऊक असलेली ही बाई एकाच घराचं दार वाजवायची राहिली होती. या जुलैच्या यादीतही कॅझपुढे एक होता, फेरीला निघण्याआधीच भरलेला.

राग आला नाही, असं ती सांगते. इर्माला ते पटत नाही. पण पुढचे तीन दिवस लिओनाने जे केलं ते रागावलेल्या बायकोसारखं नव्हतं हे खरं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. हा माणूस कोणाला मत देतो? रेडिओवर नव्या उमेदवाराचं भाषण लागलं तेव्हा त्याने तो बंद केला नाही, मोठाही केला नाही. गळांची पेटी उघडून बसला आणि भाषण संपेपर्यंत पेटीतल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. याला कोणता आकडा देणार? मागच्या खेपेला म्हातारा याच राज्यातला, स्क्रँटनचा, म्हणून त्याने आनंदाने मत दिलं होतं, एवढं तिला नक्की ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. आता म्हातारा गेला. बाकीच्यांच्या लाटा ज्या गोष्टीने ओसरल्या, त्याच गोष्टीने घरातला एक निसटला तर?

शनिवारी सकाळी दहा वाजता ती पाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढे आली आणि पुढचं दार वाजवलं.

बऱ्याच वेळाने कॅझने दार उघडलं. "किल्ली विसरलीस?"

"नमस्कार. मी लिओना सोबेक. तुमच्या बूथची."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मिस्टर कॅसिमिर सोबेक घरी आहेत का?"

कॅझने पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "गस बोलला," तो म्हणाला.

"इर्मा."

"म्हणजे गसच." त्याने बाहेर येऊन मागे दार ओढून घेतलं. "विचारा, चेअरमनबाई."

"आठ वर्षांपूर्वी तू..."

"हे कागदावर आहे का?"

"नाही."

"मग कागदावरचं विचार. सगळ्यांना विचारतेस तसं."

तिने वाचलं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी आपण आमच्या उमेदवाराला पाठिंबा देणार का? मग ती गप्प राहिली. सहा गल्ल्यांत हे तिला सवयीचं झालं होतं. या माणसासमोर हे ती पहिल्यांदाच करत होती, आणि ते तिला वाटलं त्याहून बरंच जड गेलं.

"मला काढलं तेव्हाही पत्र होतं," कॅझ शेवटी म्हणाला. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून तो एकोणसाठाव्या वर्षी घरी बसला होता. "लिहिलं त्यांनी, सही माझी. स्वेच्छेने, म्हणे. निरोपाच्या केकवर माझं नाव 'कॅस्पर' लिहिलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय. आपण खाल्ला तो."

"खाल्ला. म्हातारा अडखळत होता, मला काय दिसत नव्हतं? पण रविवारी ज्यांनी टाळ्या पिटल्या, ते शनिवारपर्यंत त्याच्या पाठीवर हात फिरवत होते."

"टाळ्या मीही वाजवल्या."

"माहितीय. मोरीपर्यंत ऐकू आल्या."

समोरून रोशेलची गाडी गेली. दोघांनी हात हलवला.

"तिच्यावर राग आहे तुझा?" लिओनाने विचारलं. हेही कागदावर नव्हतं, पण कॅझने ते चालवून घेतलं.

"तिच्यावर कशाला? मी तिला ओळखतच नाही. कारखान्यांबद्दल काय म्हणते ती? भाषणात नव्हे, खरं?"

"मला माहीत नाही."

कॅझने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"माहीत नाही म्हणाले. शोधावं लागेल."

"आठ वर्षांपूर्वी तुला सगळं माहीत होतं," तो म्हणाला. "जेवताना, गाडीत, चर्चमध्येसुद्धा. मी तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. मग त्या दिवशी मत द्यायला आत गेलो. आत कोणी बोलत नव्हतं. इतकं बरं वाटलं मला, लिओना. ती ओळ तशीच सोडली आणि बाहेर आलो."

लिओनाला यावर बरंच बोलता आलं असतं. त्या वर्षी जिल्हा हातचा गेला होता. तिने पेनाचं टोपण काढलं.

"किती लिहू?"

"खरं लिही."

"तेच विचारतेय."

"तीन."

तिने एकावर रेघ मारली, तीन लिहिला, आणि पाटी त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा नसल्याने ती लांब धरून वाचली. "आणि कारखान्यांचं?"

"लिहिते."

"नीट लिही. दुसरंही आहे एक, पेन्शनचं. थांब." तो आत गेला आणि स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या ओढत बाहेर आला.

एका दारात चार मिनिटांहून जास्त थांबायचं नाही असा लिओनाचा शिरस्ता. त्या शनिवारी ती बारापर्यंत तिथेच होती आणि गल्लीतली बाकीची घरं राहून गेली. दुपारी डेनाचा फोन आला. जायचं नाही म्हटलं होतं तरी तुम्ही जाताय हे ऑफिसात सगळ्यांना कळलंय, ती म्हणाली, तर निदान किती घरं झाली ते तरी सांगा.

"आज एकच," लिओना म्हणाली.

"एकच? काय निघालं?"

"एकाचा तीन झाला."

"अरेरे."

"नाही, नाही," लिओना म्हणाली. "चांगला तीन आहे."