पंक्चरवाल्या मामांची माफी

पडेगावच्या रस्त्यावर मामांचं पंक्चरचं दुकान होतं. चर्चमध्ये ते माझ्या पुढच्या बाकावर बसायचे. काहीही विचारलं की आधी फडक्याला हात पुसायचे, मग हळूच "व्हय" म्हणायचे.

दुष्काळात नव्या वसाहतींकडे टँकर धावू लागले, तेव्हा एका टँकरखाली त्यांची मुलगी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुकानात बसलो असताना त्याच टँकरचा ड्रायव्हर नेमका समोर चाक पंक्चर होऊन अडकला. मामांना ओळखून मान खाली घालून उभा राहिला. मामा बराच वेळ हात पुसत राहिले. मग त्यांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि चाक खोलायला बसले.

तो गेल्यावर मी म्हणालो, "मामा, माफ केलंत तुम्ही त्याला."

"नाय. सकाळी प्रार्थनेत करतो. दुपारपर्यंत लेकरू आठवतं, अन् पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं."