स्पर्धेबाहेरची भारंगी

रानभाजी महोत्सवाला परीक्षक म्हणून या, असा फोन आला तेव्हा मी हरखून गेले, हे आधीच कबूल करते. प्राथमिक शाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या बाईला कोण कशाला बोलावतं? पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ एक खुर्ची मिळते, तेवढंच. त्यामुळे समुद्राकडच्या एका गावातल्या मंडळाने आठवण ठेवली याचंच मला अप्रूप. मी कपाटातली ठेवणीतली साडी काढली, आणि त्या संध्याकाळी मागच्या दाराशी भाजी घेऊन आलेल्या मावशीला सांगितलं, "तूही चल. तुझ्या हातची भारंगी घेऊन ये. तुझ्याशिवाय रानभाजीचा कार्यक्रम कसला?"

तिला मी बोलावलं होतं, मंडळाने नव्हे. पुढे जे झालं त्याचा राग मला आला त्यात स्वतःवरचाही होता, तो या कारणाने.

मावशी म्हणजे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. वयाने माझ्याएवढीच. आमचं गाव म्हसळ्याहून आत, भातशेतीचं. दिवाळीनंतर ती वाडी निम्मी रिकामी होते, माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. लावणी उरकली की कुणाच्या हाताला काम नसतं. मग गणपतीपर्यंत त्या सगळ्या वाडीला डोंगर जेवू घालतो. आधी शेवळं, मग टाकळा, फोडशी, कंटोळी, भारंगी, शेवटी कुर्डू. त्यातलं थोडं मावशी पाटीत घालून खाली आणते आणि आमच्यासारख्यांच्या दारात वाटे मांडते.

मी काही माळकरी नाही. मासळीशिवाय आमच्या घरी जेवण होत नसे. पण पावसाळ्यात होड्या बंद असायच्या, तेव्हा माझी सासू दोन महिने रानातला पाला, वाल आणि कुळीथ यांवर घर चालवायची आणि कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटायचं नाही. पुढे रस्त्याच्या प्रत्येक वळणावर ब्रॉयलर कोंबडीची दुकानं झाली. दोन महिन्यांची ती सवय मोडली आणि आठवड्याला तीनदा चिकन शिजायला लागलं. टाकळा आणला तर मुलं नाक मुरडायची, गरिबांचं खाणं म्हणायची. मीही ते ऐकून घेतलं, कारण आत कुठेतरी मलाही तसंच वाटायचं.

मग यजमानांना साखर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, पालेभाजी, कडधान्य किती खाता? दोघांनीही माना खाली घातल्या. त्या पावसाळ्यापासून मावशीची पाटी आमच्या दाराशी रोज थांबू लागली. हिवाळ्यात भाताच्या ओलीवर आमच्याच शेतात निघालेले वाल, उन्हाळ्यात कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी. यजमानांच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत, पण डॉक्टरांनी कमी केल्या, आणि जिना चढताना ते मध्ये थांबेनासे झाले. मंडळाने बोलावलं तेव्हा हे सगळं मला लोकांना सांगायचं होतं. दोन पानांचं भाषण लिहून नेलं होतं.

सकाळी आम्ही दोघी एसटीने गेलो. मावशीच्या मांडीवर टोप, टोपावर सागाचं पान, पानावर फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. वालासोबत शिजवलेल्या भारंगीचा वास अख्ख्या गाडीत पसरला होता. कंडक्टरनेसुद्धा विचारलं, काय घेऊन चाललात.

हॉलच्या दारात मोठी कमान उभारली होती. हिरवीगार, कंटोळीच्या वेलांची. वेलांवर फळं लटकत होती आणि खाली, लोकांच्या खांद्यांना लागतील असे, मातीने माखलेले कंद. बायका कमानीखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या. मलाही ती कमान क्षणभर सुंदर वाटली. मावशी मात्र जागीच थांबली. तिने एक कंद हातात धरून बघितला, मग दुसरा.

"बाई, मुळासकट उपटलाय," ती म्हणाली. "आमी फळ तोडतो, वेलाला हात लावत न्हाय. कंद जिमिनीत ऱ्हायला तर पुढल्या साली परत येतो. ह्यांनी सगळी जागाच खाल्ली."

नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, नराला फळ धरत नाही म्हणून माणसं त्याला निकामी समजतात, आणि तो गेला की आसपासच्या वेलांना फळ लागत नाही, हेही तिने मला तिथेच सांगितलं. इतकी वर्षं मुलांना झाडाचे भाग शिकवले, पण हे मला ठाऊक नव्हतं. आत जाऊन मी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं की वेल कुठून आणले. ते अभिमानाने म्हणाले की पोरांनी टेम्पो भरून आणले, पलीकडच्या डोंगराची एक बाजू साफ केली. निसर्ग वाचवा असं त्यांच्या पाठीमागच्या फलकावर लिहिलं होतं.

स्पर्धा सुरू झाली. परीक्षक आम्ही तिघं. एक मी, एक किनाऱ्यावरचे हॉटेलमालक, आणि एक पाककलेचे वर्ग घेणाऱ्या बाई. गुणपत्रिकेत निम्मे गुण मांडणीला होते. टेबलावर टाकळ्याचे मोमो होते, कुर्डूचा केक होता, कंटोळीत पनीर भरून वर चीज वितळवलं होतं. रानभाजीचा रंग दिसत होता, चव कुठेच लागत नव्हती. टाकळ्याचे मोमो चावता चावेनात, कारण श्रावणात टाकळा जून होतो; तो आषाढात कोवळा असताना खायचा असतो. हे मी हॉटेलमालकांना म्हटलं, तर ते हसून म्हणाले, पाहुण्यांना कुठे कळतं.

मावशीचा टोप एका कोपऱ्यात जनरेटरजवळच्या बाकावर होता. तिचं नाव यादीत नव्हतं. नोंदणी मोबाइलवर करायची होती, आणि तिच्याकडे मोबाइल नाही. मी संयोजकांना सांगितलं की माझ्या नावाने लिहा, तर ते म्हणाले की परीक्षकाच्या नावाने कसं लिहिणार. शेवटी तिची भाजी स्पर्धेबाहेर ठेवायची आणि तिला प्रात्यक्षिकासाठी मंचावर बोलवायचं, अशी तडजोड निघाली. मला ती त्या वेळी बरी वाटली.

सूत्रसंचालक तरुण होता, आवाज चांगला होता. त्याने प्रत्येकीला "आपण पुढे यावं" असं म्हणून बोलावलं होतं. मावशीची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आता आपल्यामध्ये एक आदिवासी महिला आली आहे. ये, पुढे ये. घाबरू नकोस. सांग सगळ्यांना, तुम्ही लोक जंगलात काय काय खाता?"

हॉलमध्ये थोडं हसू पिकलं. मावशी उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमच्या गेटावर लावलंय ते खातो." मग ती खाली बसली.

मला वाटलं आता शांतता पसरेल. तसं काही झालं नाही. सूत्रसंचालकाने टाळ्या वाजवायला सांगितल्या, लोकांनी वाजवल्या, आणि तो पुढच्या नावाकडे वळला. त्याच्या त्या "ये"ने मला चीड आणली होती, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की आमचं सगळं गाव तिला "अगं" म्हणतं. मीही म्हणते. दाराशी आलेल्या दूधवाल्याला मी "अहो" म्हणते, तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे.

निकालाच्या कागदावर चीजवाल्या कंटोळीला पहिला नंबर होता, बक्षीस मिक्सर. बाकी दोघांच्या सह्या झाल्या होत्या. अध्यक्षांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं गुणांची बेरीज चुकली असेल. मी सांगितलं की बेरीज बरोबर आहे, बाकी सगळं चुकलंय. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, पाहुणे बसलेत. चांगल्या कामात विघ्न नको." मी माझी दोन पानं पर्समध्येच ठेवली, उठले आणि सूत्रसंचालकाच्या हातातला माइक मागून घेतला. काय बोलले ते आता शब्दशः आठवत नाही. एवढं नक्की म्हटलं की ज्या भाजीला पाणी घालावं लागत नाही, खत लागत नाही, जी खाऊन एक वाडी पावसाळा काढते आणि आमच्यासारखी सुखवस्तू आजारी माणसं सुधारतात, ती भाजी इथे टेबलावर नाही, ती जनरेटरजवळ आहे. आणि ती जिथून येते तो डोंगर तुम्ही दारावर टांगलाय. मग माइक बंद झाला. वीज गेली की कुणी बंद केला, मला माहीत नाही.

निकाल तोच लागला. माझ्या सहीची कुणाला गरज पडली नाही. बाहेर पडताना मागून एक बाई दुसरीला म्हणत होती की शिक्षकांना भाषणाची सवयच असते. पाककलेच्या बाई मात्र कोपऱ्यातल्या बाकाशी उभ्या राहून मावशीची भारंगी भाकरीसोबत खात होत्या, आणि कडवटपणा काढायला पाला किती वेळ उकळायचा ते तिला विचारत होत्या. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही.

जेवणं चालू असताना मावशी कमानीपाशी गेली आणि हाताला येतील तेवढे कंद तोडून रिकाम्या टोपात भरू लागली. मीही साडीचा पदर खोचून तिच्या मदतीला गेले. कुणी अडवलं नाही. त्यांच्या लेखी तो कचराच होता.

एसटीच्या थांब्यावर मी तिची माफी मागितली. झालेल्या अपमानाबद्दल बोलले, त्या पोराच्या बोलण्याबद्दल बोलले. तिला त्यातलं फारसं काही लागलेलं दिसलं नाही. ती कंदांवर ओलं फडकं घालण्यात गुंतली होती. मी म्हटलं, हे आमच्या बांधावर लावू या, जवळ पडेल. तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली.

"तुमच्या बांधावरचं मी कायबी घेत न्हाय, बाई. चार सालं झाली. तुमी औषद मारता."

औषध म्हणजे तणनाशक. पावसाळ्यात बांध साफ करायला माणसं मिळत नाहीत म्हणून माझे दीर पंप पाठीला लावून फवारतात. मला ते माहीत होतं. पण टाकळा, कुर्डू हेच ते तण, आणि मावशी मला भाजी देताना माझ्याच शेताला वळसा घालून डोंगर चढते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मंचावरून दुसऱ्यांना सुनावणारी मी! त्या थांब्यावर मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी दिवसभरात कुणाची आली नव्हती.

कंद तिने वाडीमागच्या उतारावर लावले. मी घरी आले आणि जेवायच्या आधीच दिरांशी भांडण काढलं. ते शांत माणूस आहेत. म्हणाले, वहिनी, बांध तुम्ही कापणार का? मी म्हटलं, कापीन. तीन दिवस विळा घेऊन गेले, चौथ्या दिवशी पाठ धरली. दीर हसले नाहीत. त्यांनी भाड्याने गवत कापायचं मशीन आणलं आणि यजमानांनी मोठ्या भावाच्या हक्काने पंप अडगळीत टाकला. शेजारच्या शेतांत फवारणी चालूच आहे. तिकडे जाऊन मी बोलते, ते ऐकून घेतात, चहा देतात.

मंडळाकडून मला पुन्हा बोलावणं आलेलं नाही. महोत्सव दरवर्षी होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो.

पुढच्या आषाढात आमच्या बांधावर टाकळा उगवला. कोवळा, दाट. मी मावशीला हाताला धरून दाखवायला नेलं. आता मी तिला "अहो" म्हणते. सुरुवातीला ती दचकायची. तिने एक पान चुरगळून वास घेतला आणि टाकून दिलं.

"अजून न्हाय," ती म्हणाली. "जमीन धुवून निघू द्या. तीन पावसाळे तरी."

यंदाचा दुसरा आहे.