बरडीचा शेंडा आणि एक नवा जावई

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वर्धा स्टेशनवर मी उभा होतो, तो एखाद्या लष्करी मोहिमेवर निघाल्यासारखा. पायांत नवे कोरे बूट, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या, खांद्याला पाण्याची बाटली, हातात लोखंडी टोकाची काठी, आणि या सगळ्याच्या मधोमध धोतर. विजार शिवायला टाकली होती, पण शिंप्यानं वायदा पाळला नाही. ओळखीचे एक मास्तर फलाटावर भेटले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हिमालयात का?"

"रोहण्याला," मी म्हणालो.

मास्तरांनी लगेच गाडीच्या वेळेचा विषय काढला. माणूस समंजस होता.

गोष्ट अशी की उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. सासुरवाडी आर्वी तालुक्यात, रोहण्याहून बैलगाडीनं दोन कोस आत, एका डोंगराच्या पायथ्याशी. त्या डोंगराला गावात बरडी म्हणतात (बरडी म्हणजे दगडगोट्यांची, पीक न येणारी टेकडी). सासऱ्यांच्या घरची रीत अशी, की लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला नव्या जावयानं बरडी चढायची आणि आपट्याची फांदी घेऊन यायची. ती फांदी आली की मगच घरात सोनं वाटायचं. तीसेक वर्षांपूर्वी एक जावई अर्ध्या वाटेतून दम लागून परत आले होते. त्यांना गावात अजून 'अर्धे पाव्हणे' म्हणतात. ते गृहस्थ आता आजोबा झाले आहेत. नातवंडं त्यांना काय म्हणतात, ते विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

आणि मी कचेरीतला कारकून. आमच्याकडची जमीन ताटासारखी सपाट. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चढाई म्हणजे कचेरीचा जिना. दसऱ्याआधी महिनाभर मी तो दिवसातून सहा-सहा वेळा चढत होतो. वर साहेबांची खोली होती. साहेबांना वाटलं, मी बढतीसाठी घुटमळतो आहे.

पुलगावला गाडी बदलली आणि आर्वीच्या छोट्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटायला लागलेली कपाशी, मधे मधे ज्वारीचे पट्टे. समोरच्या बाकावरचे शेतकरी माझ्या पट्ट्यांकडे पाहत होते, आणि मी खिडकीबाहेर पाहत असल्याचं दाखवत होतो.

रोहण्याला थोरले मेव्हणे, नामदेवराव, बैलगाडी घेऊन आले होते. दणकट माणूस. मिशीत हसण्याची त्यांना सवय.

"भाऊजी, हे पायाले काय बांधलं? लागलं काय?"

"पट्ट्या आहेत. चढायला."

"असं होय. मले वाटलं मोडला."

गाडी ओढ्यापाशी आली तेव्हा बरडी पहिल्यांदा दिसली. कचेरीतल्या नकाशावर पाहून मी जेवढी धरली होती, तिच्या दुप्पट. अंगावर साग आणि पळस, मधे एक रुंद सपाटी, आणि तिच्यावर पुन्हा एक उघडा, उन्हात तापलेला सुळका. मी वाकून पायाच्या पट्ट्या पुन्हा घट्ट आवळल्या.

सासुरवाडीत स्वागत झकास झालं. सासूबाईंनी रोडगे केले होते (रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे), त्यांवर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. शेवटी मेव्हणींनी ताटात करंज्या वाढल्या. पहिल्याच घासाला करंजी तुटेना. ओढली तर ओढतच गेली. आत सारणाऐवजी कापूस भरला होता. दाराआडून हसू फुटलं, त्यात आधीच माहेरी आलेल्या हिचंही होतं, हे मी ओळखलं. नामदेवराव डोळे पुसत म्हणाले, "घरचाच हाय, भाऊजी. लांब धाग्याचा." मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की या घरातल्या माणसानं सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून सांगितलं, तरी आधी बाहेर जाऊन पाहायचं.

दसऱ्याला सकाळी औतफाट्याची, म्हणजे नांगर-वखरांची, पूजा झाली. सासऱ्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ते बोलायचे फार कमी. "जवाईबापू, येजो सुखरूप," एवढंच म्हणाले. गाव पायथ्याशी जमलं होतं. डफडं वाजत होतं. मी आणि सोबतीला नामदेवराव, असे निघालो.

पन्नास पावलांवरच नामदेवराव थांबले. "हे पाहा भाऊजी, आपटा. इथंच तोडा फांदी, कायले वर जाता?" मी सालस माणूस, लगेच तोडायला लागलो. मागून हशा उसळला. ते कांचनाचं झाड होतं. पान दिसायला तसंच, पण सोनं म्हणून चालत नाही. रात्रीची करंजी आठवली आणि माझा निश्चय पुरता पक्का झाला.

मग जे नवशिके करतात ते सगळं मी रीतसर केलं. लोक पाहताहेत म्हणून पहिला चढ जवळजवळ पळतच चढलो. पाव कोसात बाटलीतलं पाणी संपवलं. पायवाट वळसे घेत होती, तर वेळ वाचवायला म्हणून सरळ वर घुसलो आणि गवतात सापडलो. तिथल्या कुसळांनी माझ्या धोतराचा असा काही ताबा घेतला, की ते धोतर आहे की साळिंदर, ते ओळखू येईना. नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या. जिन्यावर केलेला महिन्याचा सराव पहिल्या अर्ध्या तासात खर्ची पडला. मी एका दगडावर बसलो आणि अर्ध्या पाव्हण्यांविषयी माझ्या मनात प्रथमच खरी सहानुभूती निर्माण झाली. नामदेवराव थोड्या अंतरावर बिडी पेटवून शांतपणे वाट पाहत होते. कशाची, ते उघड होतं.

तेवढ्यात वरून एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरली. माझ्यासमोर थांबली.

"काय बाप्पा, कुठं आग लागली काय?"

"नाही आजी, वर जायचंय."

"मंग पळून काऊन राह्यला? बरडी काई पळून नाई जात." तिनं भारा खाली टेकवला. "पाय फेकाचा नाई, ठेवाचा. असा. आन तोंडानं बोलता येते तितकंच चालाचं. बोलणं बंद झालं का समज, लय जोरात चालून राह्यला. थांबाचं नाई, हळू व्हाचं."

मग तिनं मला बूट काढायला लावले, टाचांची अवस्था पाहून चक्चक् केलं, आणि पळसाची दोन पानं घडी घालून आत टाचेपाशी बसवली. जाताना एक सीताफळ हातात ठेवलं. "सोनं द्याले येजो," म्हणाली. एवढं शिक्षण मला कुणी आधी दिलं असतं, तर साहेबांचा तो गैरसमज टळला असता.

मी उठलो. पाय ठेवत, बडबडत चालू लागलो. नामदेवरावांना कचेरीतल्या सगळ्या फायलींची हकीकत सांगितली. ते कंटाळले, पण माझा दम टिकला. सागाची सावली मागं पडली, वारा लागला, आणि अचानक चढ संपून आम्ही मधल्या रुंद सपाटीवर आलो. गावात तिला खांदा म्हणतात. तिथं आपट्याची चार झाडं होती. खाली गाव काड्यापेट्यांसारखं मांडलेलं. आम्ही दिसताच डफडं जोरात वाजायला लागलं, लोक ओरडले.

नामदेवराव सावलीत आडवे झाले. "झालं भाऊजी. तोडा फांदी. हा खराच आपटा हाय."

मी वर पाहिलं. सुळका होताच की, अख्खा. "आणि तो शेंडा?"

"तो हाय तिथं."

"तिथं नाही जायचं?"

"नाई. तिथं कोनी जात नाई."

"काऊन?" आता माझ्याही तोंडात तीच भाषा आली होती.

"काऊन म्हंजे? काई कामच नाई तिथं. समदे जवाई इथूनच वापस जातेत."

अस्सं. म्हणजे मी इथून फांदी घेऊन खाली जायचं, आणि मग गाव विचारणार, 'शेंडा कुठाय, पाव्हणे?' खालचं ते ओरडणंही मला आता स्पष्ट चिडवण्याचं वाटायला लागलं. खांदा म्हणजे अर्धंच तर होतं. करंजी, कांचन, आणि आता ही तिसरी थाप. मी अर्धा पाव्हणा क्रमांक दोन होणार नव्हतो.

"तुम्ही बसा," मी म्हणालो आणि सुळक्याकडे निघालो.

"भाऊजी, खरं सांगून राह्यलो."

"सांगत राहा."

वीस पावलांनी परत येईल, असं त्यांना वाटलं असावं. चाळीस झाली. मग मागून धापा ऐकू यायला लागल्या. सुळक्याला वाट नव्हती. दगड उन्हानं तापलेले, पायाखालचा मुरूम घसरत होता. काठी एका फटीत अडकली ती मी तिथंच सोडली. दोनदा गुडघ्यांवर आलो. पाय ठेव, पाय ठेव, एवढंच मनात म्हणत होतो. शेवटी चारी हातपाय कामाला लागले, आणि मग वर चढायला काही उरलंच नाही. चारी बाजूंना नुसतं आकाश.

दगडांच्या ढिगापाशी वाऱ्यानं वाकलेलं आपट्याचं एक खुरटं झाड होतं. पलीकडे पार दूरवर वर्धा नदीची वळणं चमकत होती. कपाशीचे पांढरे ठिपके, रुळांची रेघ, आणि एवढा मोठा मुलूख माझ्या त्या साळिंदरी धोतराखाली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, बहुधा कचेरीतल्या साहेबांचं नाव असावं. नामदेवराव वर आले आणि धपकन बसले. चेहरा वांग्यासारखा झाला होता.

"पाणी हाय?"

मी त्यांना अर्धं सीताफळ दिलं. "आता खरं सांगा. हा आपटाच ना?"

"आपटाच हाय, माह्या मायची आन." मग इकडे तिकडे पाहत ते हळूच म्हणाले, "भाऊजी, मी बी पह्यल्यांदाच आलो इथं."

उतरताना निम्मा सुळका मी बसून उतरलो. त्याचा पुरावा धोतरावर होता. पायथ्याशी आलो तर डफडं बंद, लोक गप्प. सासरे पुढे उभे. मी फांदी त्यांच्या हातात दिली आणि पाया पडलो.

"जवाईबापू," ते म्हणाले, "तुमी शेंड्यावर काऊन गेलते?"

मी नामदेवरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. त्या शांततेत मला सगळं उमगलं. बरडी चढणं म्हणजे खांद्यापर्यंत जाणं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. इतकं माहीत, की मला सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती. खालची ओरड शाबासकीची होती. त्या घरात माझ्याशी बोललेलं एकुलतं एक खरं वाक्य मी थाप समजून डोंगर चढलो होतो.

आता मूर्ख ठरायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

"सोनं आणायचं, तर म्हटलं वरचंच आणावं," मी म्हणालो.

सासऱ्यांनी फांदी उलटसुलट करून पाहिली. "माह्या बापानं नाई पाह्यला शेंडा. म्या नाई पाह्यला." मग वळून डफडेवाल्याला म्हणाले, "वाजव ना रे. काऊन थांबला?" आणि डफड्याच्या वर आवाज काढून त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "यापुढं आपल्या घराचं सोनं शेंड्यावरून येईन."

त्या संध्याकाळी पहिलं पान मी गवतवाल्या आजीला नेऊन दिलं. हिनं माझ्या टाचांना तेल लावलं, आणि करंजीबद्दल माफी मागता मागता पुन्हा हसली. दुसऱ्या दिवशी गाडीत मला दोघांनी धरून चढवावं लागलं, पण चढवणाऱ्यांच्या स्वरात आदर होता.

वर्ध्याला आल्यावर पाय आठवडाभर दुखले आणि ते थांबल्यावर मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. आता सुट्टी मिळाली की मी डोंगर शोधतो. सावकाश चालतो, बडबडत चालतो. माझ्यासारख्यानं एकदा वर पोचून पाहिलं की सपाट जमिनीवरसुद्धा तो जरा निराळा चालतो, असं मला वाटतं. हिच्या मते मी नुसता लंगडतो.

या उन्हाळ्यात धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं. जावई अल्लीपूरचे, शाळेत मास्तर, सडपातळ, नाजूक प्रकृतीचे. परवा रविवारी ते मुद्दाम मला भेटायला वर्ध्याला आले. चहा झाला, हवापाणी झालं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"दादा, एक विचारू? पूर्वी म्हणे सगळे जावई खांद्यावरूनच परत यायचे. शेंड्यापर्यंत खरंच जावं लागतं का हो?"

मी बशी खाली ठेवली आणि जमेल तितका गंभीर चेहरा केला.

"जावंच लागतं," मी म्हणालो. "घरची रीत आहे. पूर्वापार."