न मागितलेली सोय

खटपट्या हे नाव त्याला कार्यालयातल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की दारावरच्या पाटीवरचं खरं नाव वाचून नवे लोक विचारायचे, हे कोण बुवा? नकाशे तयार करणाऱ्या त्या कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची देखभाल त्याच्याकडे होती. काम चोख, स्वभाव गोड, पण एक खोड अशी की एखादं यंत्र नुसतं सुखाने चालू आहे हे त्याला बघवायचं नाही. आत आणखी काय दडलंय ते पाहिल्याशिवाय त्याचे हात शिवशिवायचे.

ह्या खोडीला खाद्यही भरपूर होतं. संगणकाची मूळ प्रणाली बनवणारे लोक पुढेमागे द्यायच्या सोयी आधीच आत भरून ठेवतात आणि त्यांना कुलूप घालतात, कारण चाचणी अजून संपलेली नसते आणि कुठे काय बिघडेल ह्याचा नेम नसतो. अशा प्रत्येक सोयीला एक लांबलचक क्रमांक असतो. जगभरातले उचापती लोक हे क्रमांक हुडकतात आणि एकमेकांना कळवतात. मग संगणकाला थेट हुकूम द्यायची काळी खिडकी उघडायची, आज्ञा लिहायची, पुढे क्रमांक टाकायचा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, की झालं. जगाला कधीतरी मिळणार ती सोय आपल्या पडद्यावर आजच हजर. खटपट्याला ह्यात लॉटरी लागल्याचा आनंद व्हायचा. एकदा साहेबांच्या संगणकावर त्याने असंच काहीतरी उघडलं, तर भर बैठकीत पडद्याच्या तळाची पट्टी वर चढून मधोमध बसली आणि हलता हलेना. साहेब लालबुंद झाले, आणि हा कौतुकाने म्हणतो, "साहेब, ही पट्टी इथवर येते हे अजून कुणालाच माहीत नाही!"

घरी मात्र त्याला लगाम होता. त्याची बायको गणिताची शिक्षिका. गल्लीत, दुकानात, दवाखान्यात सगळे तिला बाई म्हणायचे, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तोही बाईच म्हणू लागला. बाईंचं बोलणं तोलूनमापून, कमी शब्दांत आणि बहुतेक वेळा दुसऱ्याची दांडी उडवणारं. "पायरी गाळलीस," एवढंच म्हणून त्या मुलांना फळ्यापर्यंत परत पाठवायच्या. नवऱ्यालाही.

मग तो आजार आला. आधी बोटांतून खडू पडायला लागला. मग पाय गेले, हात गेले, आणि शेवटी जीभ जड होत होत थांबली. डोकं मात्र लख्ख राहिलं, तेवढीच त्या आजाराची दया किंवा दुष्टपणा, काय म्हणायचं ते म्हणा. आता बाईंच्या ताब्यात फक्त डोळे उरले होते. त्यांच्या खुर्चीसमोर एक संगणक ठेवलेला होता, पडद्याखाली कॅमेऱ्याची बारीक पट्टी. नजर कुठल्या अक्षरावर आहे हे तिला कळायचं. अक्षरावर क्षणभर नजर ठरली की ते उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की एक सपाट, शांत आवाज ते बोलून दाखवायचा. "ह्या आवाजाला वर्गात कुणी भ्यालं नसतं," हे बाईंचं त्यावरचं पहिलं मत.

आणि दुसरं वाक्य त्यांनी नवऱ्याकडे बघून लिहिलं होतं. "ह्या यंत्राला तू हात लावायचा नाहीस."

त्याने कान पकडून कबूल केलं होतं.

हिवाळा सरता सरता बाईंचा श्वास उथळ झाला. डॉक्टर घरी आले, तपासलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गळ्यातून नळी घालून श्वासाचं यंत्र जोडता येईल. मग बाई कदाचित बरीच वर्षं जगतील, पण त्या यंत्रापासून कधी सुटणार नाहीत. नळी नको असेल तर जपणूक करू, त्रास होऊ देणार नाही, पण पुढचं फार लांब नाही. "आणि हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या शब्दांत." त्या दिवशी बाईंनी उत्तर लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच शब्दाला पापण्या मिटल्या. दमल्या होत्या. आता पापण्यांवरही भरवसा उरला नव्हता. त्या आपल्या आपण मिटायच्या, त्यामुळे मिटून हो, उघडून नाही, अशी खूण करणंही शक्य नव्हतं. डॉक्टर उठले. पुन्हा येईन म्हणाले, पण तेव्हा नक्की करावं लागेल, ह्यापुढे थांबणं धोक्याचं आहे.

घरात बाईंची थोरली बहीण राहायला आली होती. तिला नळी हवी होती. खटपट्यालाही हवी होती, थोरलीपेक्षाही जास्त. बाईंच्या मनात काय आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने विचारून पाहिलं तेव्हा उत्तर आलं, "डॉक्टरांसमोर सांगेन." विषय संपला.

ती मधेच मिटलेली पापणी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. डॉक्टर पुन्हा येतील तेव्हाही बाई दमल्या तर? अर्धवट शब्द टाकून झोपी गेल्या तर? आणि नेमका त्याच सुमारास त्याला एक क्रमांक मिळाला. नजरेने लिहिणाऱ्यांसाठी एक सोय आत दडलेली होती. दोनचार अक्षरं लिहिली की पुढचं अख्खं वाक्य यंत्र स्वतः सुचवणार, त्यावर नजर टेकली की ते बोलून मोकळं होणार. बाईंचे कष्ट दहा पटीने कमी! हात लावणार नाही म्हणून दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण मदत करायला हात लावला तर तो हात लावणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःचा वकील झाला की खटला हरत नाही.

डॉक्टर यायच्या दिवशी थोरली बाईंना आतल्या खोलीत अंग पुसायला घेऊन गेली, तेवढ्यात त्याने काळी खिडकी उघडली. क्रमांक टाकला. यंत्र पुन्हा चालू झालं. त्याने माउसने दोन अक्षरं टिपली आणि वर निळ्या चौकटीत वाक्य तयार. त्यावर टिचकी मारली, आवाज आला. झकास! त्याने सगळं जागच्या जागी ठेवलं आणि बाईंना नंतर गंमत सांगायची असं ठरवलं.

डॉक्टर आले, स्टूल ओढून बाईंसमोर बसले. थोरली दाराशी पदराचा पिळा करत उभी. खटपट्या खुर्चीच्या मागे.

"मागे विचारलं होतं तेच विचारतो," डॉक्टर म्हणाले. "सावकाश सांगा. मला घाई नाही."

बाईंची नजर पडद्यावर गेली. एक अक्षर, दुसरं, तिसरं. मला श्वा... आणि निळी चौकट उमटली. काहीतरी नवं हललं म्हणून बाईंचे डोळे तिकडे वळले, वाचण्यापुरते. आवाज बोलला, "मला श्वास घ्यायला मदत हवी आहे."

थोरलीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर पुढे झुकले. "म्हणजे नळी घालायला तुमची तयारी आहे?"

बाईंची नजर पुन्हा अक्षरांकडे धावली. माझी... पुन्हा चौकट. बाईंचे डोळे तिच्यावर गेले आणि झटकन मागे आले, पण उशीर झाला होता.

"माझी काही हरकत नाही."

"गुणाची गं माझी!" म्हणत थोरली रडायलाच लागली. बाईंच्या डोळ्यांतूनही पाणी ओघळलं. डॉक्टरांनी त्यांच्या निर्जीव हातावर थोपटलं. "धीराचं उत्तर दिलंत. उद्या सकाळी दाखल करून घेऊ."

खुर्चीमागे खटपट्या निळ्या चौकटीकडे बघत राहिला. आत्ता त्याच्या लक्षात आलं. त्याने चाचणी माउसने केली होती. हाताने काम करणाऱ्या माणसाचं बघणं वेगळं आणि दाबणं वेगळं. बाईंचं बघणं हेच दाबणं होतं. समोर आलेलं वाक्य वाचलं की ते त्यांच्या तोंडी जमा. नको म्हणायलाही आधी ते वाचावं लागणार, आणि वाचलं की संपलं.

कदाचित बाईंना तेच म्हणायचं असेल, त्याचं मन म्हणालं. कशावरून नसेल?

पण बाईंनी आयुष्यात कधी "माझी काही हरकत नाही" म्हटलं नव्हतं. असली वाक्यं त्या वहीत लाल शाईने खोडायच्या. बाई आता पडद्याकडे बघतच नव्हत्या. वर, बाजूला, जिथवर बुबुळं वळतील तिथवर वळवून त्या त्याला शोधत होत्या. तो मागे होता, त्यांना दिसत नव्हता.

डॉक्टर उठले. हवं ते उत्तर मिळालं होतं. बाईंखेरीज खोलीत ह्या एकट्याला खरं माहीत होतं, आणि गप्प बसण्यासाठी काहीही करायची गरज नव्हती. उद्या नळी बसली असती. बाई वाचल्या असत्या. सकाळी उठल्यावर त्या तिथे असत्या, परवाही असत्या. रागावल्या असत्या, आयुष्यभर रागावल्या असत्या, पण असत्या. डॉक्टरांनी बॅग उचलली.

"डॉक्टर, थांबा," तो म्हणाला. "ते ती नाही बोलली."

"म्हणजे?"

"यंत्र बोललं. मी... मी सकाळी त्यात एक गोष्ट चालू केली. अजून बाहेर न आलेली. ती वाक्यं स्वतःच पुरी करते. तिने नुसतं बघितलं त्याच्याकडे."

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. "बंद करता येईल?"

"येईल."

येईल म्हणणं सोपं होतं. काळ्या खिडकीत तोच क्रमांक लिहिताना तो दोनदा चुकला. शेवटी आज्ञा गेली, पडदा काळा झाला, आणि त्यावर अक्षरं उमटली. अद्ययावत करणं चालू आहे, यंत्र बंद करू नका. गोल ठिपके फिरू लागले. कार्यालयात लोक ह्या ठिपक्यांवरून चिडायचे आणि तो हसून म्हणायचा, चहा पिऊन या. आता ते ठिपके फिरत होते आणि बाई एका शब्दालाही महाग होऊन बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेला कुठलाच कॅमेरा नको होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझं तू सांग. काय असेल ते."

यंत्र सुरू झालं, पण कॅमेरा बाईंची नजर विसरला होता. पडद्याच्या चारही कोपऱ्यांतल्या ठिपक्यांकडे त्यांना एकेक करून बघायला लावायचं होतं. तिसऱ्या ठिपक्याला पापणी मिटली. परत पहिल्यापासून. डॉक्टरांनी स्वतः त्यांची मान उशीने सावरली. थोरली भिंतीला टेकून उभी होती आणि खटपट्याकडे बघत नव्हती.

अक्षरं आली. निळी चौकट नव्हती.

बाई लिहू लागल्या. एकेका अक्षरासाठी इतका वेळ लागत होता की मधे त्यांचा श्वास ऐकू यायचा, लहान लहान, घासून येणारा. पापणी मिटायची, सगळे थांबायचे. पापणी उघडायची. पहिला शब्द झाला, दुसरा झाला, तरी त्या थांबल्या नाहीत. काय उमटतंय ते खटपट्याला पडद्यावर दिसत होतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

आवाज बोलला, तसाच सपाट. "नळी नको. भीती वाटते. तरी नको."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मग आपण तुम्हाला त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच बघायचं. ते माझ्याकडे लागलं."

ते जिना उतरून गेले आणि थोरलीचा बांध फुटला. "भाऊजी, तोंड मिटून बसता आलं नाही तुम्हाला? एवढं एक! जगली असती हो ती!"

तो पडद्याच्या मागची वायर उगाचच चाचपून पुन्हा पुन्हा सारखी करत राहिला, पाठ फिरवून, जणू अजून काहीतरी दुरुस्त करायचं बाकी होतं. "बघ, आता सगळं पहिल्यासारखं," तो बाईंना म्हणाला, "आता कशालाच हात लावणार नाही, अगदी कशालाच..."

बाई पुन्हा लिहीत होत्या. फार दमल्या होत्या, तरी लिहीत होत्या. थोरली पुढे झाली, "पुरे गं, झोप आता," म्हणाली, पण बाईंनी नजर हलवली नाही.

"वायर सोड," आवाज म्हणाला. "इकडे ये. रड. मी आहे अजून."

तो खुर्चीपाशी जमिनीवर बसला, बाईंच्या न हलणाऱ्या हाताखाली स्वतःचं डोकं घातलं, आणि मोठ्याने रडला.