कासऱ्याचा ब्रेक

वाशीम जिल्ह्यात ब्रेक न दाबता अख्खी वाहतूक थांबवणारा मोटारसायकलस्वार एकच आहे आणि तो माझा सासरा आहे, हे मी कोणत्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. फक्त त्या वेळी ते स्वतः गाडीवर त्या चौकाकडे येत नसावेत. आसेगावात लोक त्यांना गाडी दिसायच्या आधीच ओळखतात. वळणापलीकडून ‘होऽऽ, हो हो’ अशी लांबलचक हाक आली की सायकलवाला पाय टेकवतो, ऑटोवाला ऑटो कडेला घेतो, चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया ओट्याला चिकटतात, आणि मोकळ्या झालेल्या रस्त्यातून मामाजी मान ताठ ठेवून निघून जातात. आजवर आपल्या गाडीचा कोणाला धक्का लागला नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. ते खरंही आहे. धक्का टाळायचं काम गाव करतं, एवढंच ते सांगत नाहीत.

त्यांचा जन्म बैलांमागे गेला. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, त्यांच्या जोडीचं नाव होतं. जोडी म्हातारी झाली, आधी एक बैल गेला, मग त्याच्या मागोमाग दुसरा. तेव्हा मेहुण्याने मोटारसायकल आणली आणि मामाजींनी ती गोठ्यात बांधली. बांधली असंच म्हणायचं, कारण दुसरी कोणतीही जागा त्यांना पटेना. टाकीवर थाप मारल्याशिवाय ते चावी लावत नाहीत. पोळ्याला आरशांना बेगड लावतात, कारण त्यांच्या मते शिंगं तीच. पहिल्या पोळ्याला सासूबाईंनी हेडलाइटला कुंकू लावून पुरणपोळी पुढे केली होती. गाडी खाईना, म्हणून ती मी खाल्ली.

ही गाडी शिकवायला साऱ्या खानदानातून माझी निवड झाली, तेव्हा मी फुगलो होतो. कारण नंतर कळलं. दिवाळसणाला सासुरवाडीला आलो तेव्हा मी दारात ऐटीत पुढचा ब्रेक दाबला होता आणि बारीक गिट्टीवरून घसरत थेट ओवाळणीच्या ताटासमोर साष्टांग पडलो होतो. मामाजींनी ते ध्यानात ठेवलं होतं. ‘‘चालवता त कोनालेबी येते,’’ ते म्हणाले, ‘‘तुमाले पडता येते.’’

पहिल्याच दिवशी, मी मागे बसलेलो असताना, समोर बकरी आली. मामाजींनी जन्मभर केलं तेच केलं. ‘होऽ’ म्हणून दोन्ही मुठी छातीकडे ओढल्या. कासरा ओढला की बैल थांबतो. मोटारसायकलच्या उजव्या मुठीत मात्र अॅक्सिलरेटर असतो, आणि मनगट असं मागे ओढलं की गाडी उधळते. ती उधळली म्हणून त्यांनी आणखी ओढलं. आणखी ओढलं म्हणून ती आणखी उधळली. बकरी शहाणी होती, ती वाचली. आम्ही दोघं शेजाऱ्याच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात शिरलो. माझ्या कानातून कुटार निघत होतं तोवर मामाजी उठून धोतर झटकून मोकळे. ‘‘जवाईबापू,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘हे जनावर उलट्या काळजाचं हाय.’’

एरवी हा विनोद जन्मभर पुरला असता. पण माझ्या मुलीला, चिमीला, आबांच्या मागे बसून बाजारात जायचं होतं, आणि आबांना ते तिच्याहून जास्त हवं होतं. आड आली ती माझी बायको, त्यांचीच लेक. तिचं म्हणणं एकच होतं, ‘‘बाबा, आनीबानीत तुमचा हात ब्रेकवर गेलेला मी या डोळ्यानं पाहीन, तवाच माही पोरगी मांग बसंन.’’ मामाजी एकटे बाजारात जायचे आणि चिमी फाटकाला लटकून बघत राहायची. संध्याकाळी ते गोठ्यात उभ्या गाडीवर बसून ‘हो’ म्हणत, आणि दरवेळी मुठी मागे येत. मी मोठ्या विद्वत्तेने ब्रेकची रचना समजावून सांगितली. ती ऐकताना त्यांना झोप लागली.

मग एका सकाळी त्यांनी गोठ्यातल्या खुंटीवरचा जुना कासरा काढला. त्या कासऱ्याला आम्ही कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. तो त्यांनी स्वतः विळ्याने कापला आणि पुढच्या ब्रेकच्या दांडीवर घट्ट गुंडाळला, म्हणजे ओढायला बोटांना मुठीआधी तोच सापडेल. ‘‘हात नवं शिकत नाई,’’ म्हणाले, ‘‘त मंग जुनंच तिथं नेऊन ठेवू.’’ मागच्या ब्रेकची काळजी नव्हती. कासरा ओढताना गाडीवानाचा पाय आपोआप पुढच्या लाकडावर रेटला जातो. इथे त्याच जागी ब्रेक होता.

परीक्षा बाजाराच्या दिवशी ठरली. बायको चिमीला घेऊन चहाच्या टपरीजवळ उभी राहिली. मागे बसायचा मान अर्थातच माझा. आम्ही टपरीच्या अलीकडे आलो आणि कडेला उभ्या जीपचं दार एकदम आमच्या तोंडावर उघडलं. मी डोळे मिटले आणि त्यांच्या पोटाला मिठी मारली. ‘होऽऽ’ एवढं कानावर आलं. डोळे उघडले तेव्हा गाडी दारापासून वीतभर अंतरावर उभी होती, जीपवाला तळहातावरची तंबाखू तशीच धरून उभा होता, आणि मामाजींची बोटं कासऱ्यावर आवळलेली होती. थांबलो नव्हतो तो मीच. माझं हेल्मेट त्यांच्या पाठीवर आपटलं आणि मी बाजूच्या वांग्यांच्या टोपल्यावर उतरलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीकडे पाहून विचारलं, ‘‘पायलं?’’

तिने मान डोलावली. चिमी केव्हाच चढून बसली होती. गावाला एक चक्कर मारून ती खाली उतरली, तेव्हा मी वांगेवालीची समजूत काढत होतो. वळून पाहतो तर बायको पदर खोचून गाडीजवळ उभी. ‘‘बाबा, मी बसू?’’ मामाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने सीट पुसली, जशी बैलबंडीत लेक बसायच्या आधी पुसत असतील तशी. मग मला म्हणाले, ‘‘जवाईबापू, तुमी पोरीले घेऊन पायदल या.’’

ती दोघं वळणाआड गेली. घरी आलो तर गोठ्यातली खुंटी रिकामी, गव्हाणीही कोरडी. एवढ्यात लांबून ‘होऽऽ’ ऐकू आलं. त्या हाकेवर थांबणारं जनावर आता घरात उरलेलं नाही. मी आपला चिमीचं बोट धरून जागच्या जागी थांबलो.