पाच पगड्यांचा ठराव

धारच्या सल्लागार सभेत हंबीरराव उठले की बाकीचे सभासद पानाचे डबे उघडत. आता लाकडं येणार, हे ठरलेलं! महायुद्धाची वर्षं ती. कुणी तोफांवर बोले, कुणी घोड्यांवर, आणि हा गडी सरपणावर. "अहो, शिपाई काय तलवार चावून जगतो? त्याला भाकरी लागते, भाकरीला चूल लागते. वेढा पडला तर जळण कुठून आणाल?" किल्ल्याच्या वखारीत चारशे गाड्या वाळलेलं लाकूड कायम रचलेलं असावं, हा ठराव त्यांनी दोन वर्षं भांडून पास करून घेतला. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत ते तलवारींशेजारी बाभळीचा ओंडका ठेवून त्यालाही कुंकू लावत.

सगळ्यांत मोठ्यानं हसत ते मोरोपंत. "शत्रूचा पत्ता नाही अन् तुम्ही वाळवी पोसताय. विकून टाका ती वखार!" दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

आता हंबीररावांचा हेकटपणाही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती आरती चाललीय. उन्हाळ्यात सभासद पगड्या उतरवून लोडाला टेकत, डुलक्या घेत आणि झोपेतच हात वर करत. हंबीरराव असे भडकले की त्यांनी कलमच घालून घेतलं: वखार उघडायला पाच सभासदांचे हात हवेत, आणि डोक्यावर पगडी नसेल त्याचा हात मोजायचा नाही.

अठरा सालचा दसरा झाला आणि गावात तो मोठा ताप शिरला. घरोघरी माणसं आडवी झाली. बाग गावाकडच्या जंगलातून मोळ्या आणणारे भिल्ल येईनासे झाले, आणि आठ दिवसांत सरपण संपलं. पेज शिजेना, पाणी तापेना. हंबीररावांच्या पत्नी भवानीबाई तापानं फणफणत होत्या. हंबीररावांनी बसायचा पाट फोडून चुलीत घातला, तेवढ्यात शेजारची अक्का वाडगा घेऊन दारात उभी राहिली. "थोडं ऊन पाणी द्या हो, घरात चौघं पडलीत." हंबीररावांना रडूच आलं.

ते तडक वखारीवर गेले. राखणदार गणोजी हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, पाच हात दाखवा, ताला अभी खोलतो. कलम तुमचंच आहे ना!"

मी असतो तर कुलूप फोडलं असतं बाबा. हंबीरराव म्हणाले, "आज मी फोडलं तर उद्या कुणीही फोडेल." सभासद उठू शकत नाहीत ना? मग सभाच त्यांच्या खाटेपाशी जाईल. ठरावाचं बाड काखेत मारून ते निघाले. खुंटीवरची पगडी काढायची, तापलेल्या डोक्यावर ठेवायची, ठराव वाचायचा, हात वर झाला की नोंदवायचा. दुपारपर्यंत तीन हात मिळाले, चौथा त्यांचा स्वतःचा. बाकीचे शुद्धीवर नव्हते. उरले मोरोपंत.

मोरोपंतांच्या घरात चूल गार होती. "आलात वाळवीवाले?" ते कसेबसे म्हणाले.

"आलो. वखार विकायची नाही, गावाला वाटायचीय. मत द्या."

हंबीररावांनी त्यांना छातीशी टेकवून बसवलं, पगडी ठेवली. पण हात काही उचलवेना. हंबीरराव म्हणाले, "मी उचलला तर तो माझा हात होईल पंत. तुमचा तुम्हीच उचला."

किती वेळ गेला देव जाणे. हात इंच इंच वर सरकत कानापर्यंत आला. "मोजा," मोरोपंत म्हणाले.

दिवस मावळायच्या आत गाड्या सुटल्या आणि गल्लोगल्ली धूर दिसू लागला. पहिली गाडी मोरोपंतांकडे गेली. हंबीररावांच्या दारी शेवटची. गावात पेज शिजली, कितीतरी माणसं उठली, भवानीबाईही उठल्या. पण चार खाटांशी बसून आलेला माणूस तिसऱ्या दिवशी तापानं पडला आणि आठवड्यात गेला. वाईट वाटतं हो, आजही वाटतं.

पुढच्या दसऱ्याला शस्त्रं मांडली गेली. तलवारींशेजारची जागा रिकामी होती. तेवढ्यात दारातून मोरोपंत आले. पगडी काखेत आणि डोक्यावर बाभळीचा ओंडका! कुणी हसलं नाही. त्यांनी ओंडका तलवारींशेजारी ठेवला, कुंकू लावलं, मग पगडी नीट डोक्यावर चढवून हात वर केला.

"चारशे गाड्या पुन्हा भरायच्या," ते म्हणाले. "माझा हात मोजा."